पेन्सिल जरा बाजूला ठेवा : छापचित्रांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की छापचित्र, म्हणजे कोरलेल्या ठशाला शाई लावून कागदावर उमटवलेलं चित्र, करायला प्रेस (दाब देणारं यंत्र) लागतेच असं काही नाही, कागदाच्या पाठीवर घासायला लाकडी चमचा असला तरी चालतं. त्या एका वाक्यावरून एवढी पत्रं आलीत की यावेळचं सदर सगळं त्यालाच देतेय. प्रश्न बरेचसे सारखेच होते म्हणून चार निवडलेत, आणि पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय, त्याबद्दल आधीच सॉरी.

प्रश्न : ताई, मी दोन वर्षं प्रिंटमेकिंग शिकतेय. लिनो (लिनोलियमचा तुकडा कोरून छापणं) झालं, जिलेटिन प्लेटवर मोनोप्रिंट (एकेकच निघणारे छाप) झाले, ड्रायपॉइंट (पत्र्यावर सुईने ओरखडे काढून छापणं), स्क्रीन प्रिंटिंग, आता वुडकटचा (लाकूड कोरून छापायचा) सेट घेऊन ठेवलाय. प्रत्येक गोष्ट बऱ्यापैकी जमते पण सगळी चित्रं एकत्र मांडली की चार वेगळ्या माणसांनी केल्यासारखी दिसतात. लिनोत तर वेगळाच प्रॉब्लेम आहे, स्केचबुकात चित्र छान असतं आणि कोरून छापलं की मेलेलं वाटतं. स्वतःची स्टाइल सापडायला अजून कुठलं टेक्निक शिकायला हवंय?

कुठलंच नाही. तो वुडकटचा सेट पण सध्या कपाटातच राहू दे.

आता ते "मेलेलं वाटतं" जे लिहिलंयस ना, तिथून सुरू करू कारण माझ्या मते तुझ्या दोन्ही प्रश्नांचं मूळ तिथंच आहे. मी पैज लावते की तू आधी पेन्सिलीने छान शेडिंगबिडिंग करून चित्र काढतेस, मग ट्रेसिंग पेपरने ते लिनोवर उतरवतेस, आणि मग प्रत्येक रेघेच्या अलीकडून आणि पलीकडून व्ही टूल (व्ही आकाराच्या टोकाचं कोरायचं हत्यार) फिरवत बसतेस. बरोबर? मीही चार वर्षं हेच केलंय म्हणून ओळखलं. यात होतं काय की पेन्सिलीची रेघ पांढऱ्यावर काळी असते आणि लिनोत कोरलेली रेघ काळ्यावर पांढरी उमटते, म्हणजे हत्याराला जे सहज येतं ते तू त्याला करूच देत नाहीस, उलट एक बारीक काळी रेघ वाचवायची म्हणून तिच्या दोन्हीकडचं रान त्याच्याकडून साफ करून घेतेस. तास न् तास जातात, हात दुखतो, आणि शेवटी कागदावर येते ती पेन्सिलच्या चित्राची जरा जाडी झालेली नक्कल. चित्र तर स्केचबुकातच पूर्ण झालं होतं, पुढे नुसती हमाली.

आता असं करून बघ. लिनोच्या तुकड्यावर काळी शाई पाणी घालून पातळ फासून टाक, वाळू दे, वर पांढऱ्या पेन्सिलीने फक्त चार मोठे आकार कुठे बसतात तेवढ्या खुणा कर आणि थेट कोरायला लाग. जिथे कोरशील तिथे खालचा फिकट लिनो दिसेल, तोच पुढे कागदाचा पांढरा. म्हणजे तू उजेड काढतेयस, अंधार आधीपासून आहेच. अठराव्या शतकाच्या शेवटी थॉमस ब्यूइक नावाच्या इंग्रज कलाकाराने लाकडाच्या आडव्या छेदावर, म्हणजे खोड कापल्यावर जी गोल बाजू दिसते तिच्यावर, धातू कोरायची बारीक हत्यारं चालवून पक्ष्यांची चित्रं केली, तीसुद्धा अशीच पांढऱ्या रेघेत विचार करून. त्याने केलेलं पक्ष्याचं पीस बघ कधी. एकेक तंतू म्हणजे हत्याराचा एकेक फटका. आणि हो, सगळं उलटं छापलं जाणार हे विसरू नकोस, अक्षरं असतील तर आरशात बघूनच कोर. मी एकदा अख्खं नाव सुलटं कोरून सगळ्या प्रती छापून मोकळी झाले होते आणि तोवर मला कळलंही नव्हतं!

मग हत्यारांशी जरा ओळख वाढव. व्ही टूल उथळ चालवलं की केसासारखी रेघ येते, तेच चालता चालता खाली दाबलं की रेघ फुगते आणि हात हलका केला की परत निमुळती होते, हे पेन्सिलने येत नाही. यू आकाराचं रुंद हत्यार मोठी जागा साफ करायला असतं पण ते साफ करताना मध्ये मध्ये बारीक उंचवटे राहतात, त्यांना शाई लागते आणि पांढऱ्या जागेत हत्याराच्या चालीचे छोटे छोटे काळे ओरखडे उमटतात. काही लोकांना ती घाण वाटते, ते खणून खणून सगळं गुळगुळीत करतात. काही मुद्दाम ठेवतात, आकाशात सगळे ओरखडे एकाच दिशेने, अंगावर गोलाकार, असं. तू काय करणार हे तुलाच ठरवायचंय, आणि असे लहान लहान निर्णय शंभर चित्रांत सारखे घेतले गेले की लोक त्याला स्टाइल म्हणतात. त्यात गूढ असं काही नाही, पण शंभर चित्रं एका मटेरियलमध्ये व्हावी लागतात. तुझी चार टेक्निकमध्ये मिळून किती झालीत ते तूच मोज.

मटेरियलचा स्वभाव म्हणजे नेमकं काय हेही सांगते. लिनो ही मुळात जमिनीवर अंथरायची वस्तू, १८६० च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टनने काढलेली, जवसाचं तेल घट्ट करून त्यात बुचाचा भुगा वगैरे मिसळून तागाच्या कापडावर थापलेली. तिला रेषा-तंतू काही नाहीत म्हणून हत्यार कुठल्याही दिशेला सारखंच जातं, वळणं सुंदर येतात, पण तुला ती परत काही देत नाही, जेवढं तू करशील तेवढंच. जुनी झाली की वाळून तुकडे पडतात, कोरायच्या आधी जरा कोमट केली की लोण्यासारखी चालते. ते गुलाबी-पांढरं रबरासारखं मऊ मिळतं ना, ते छोट्या शिक्क्यांना ठीक आहे, पण बारीक रेघांच्या कडा दाबाखाली हलतात, शिकायला मला ते आवडत नाही.

लाकूड बरोब्बर उलटं. त्याला धार असते, म्हणजे तंतूंची एक दिशा, त्या धारेच्या आडवं गेलं की ते भांडतं, ढलपी उडते. पण मोबदल्यात त्याच्या अंगावरच्या रेषा तुला फुकट मिळतात. नॉर्वेच्या एडवर्ड मुंख या चित्रकाराने चुंबनाच्या चित्रात पाठीमागची सगळी जागा लाकडाच्या धारेवरच सोडलीय. तोच ठसा करवतीने तुकड्या-तुकड्यांत कापून, प्रत्येक तुकड्याला वेगळा रंग लावून, कोड्यासारखा परत जुळवून एका दाबात छापायचा. ही युक्ती त्याला सुचली कारण तो लाकडाकडे लाकूड म्हणून बघत होता.

तू म्हणशील मग टेक्निक बदलायचंच नाही का. तर केट कोलविट्झ या जर्मन चित्रकर्तीचं बघ. १९१९ च्या जानेवारीत कार्ल लीबक्नेख्ट या जर्मन कम्युनिस्ट नेत्याचा खून झाला, घरच्यांनी बोलावलं म्हणून तिने त्याच्या प्रेताची चित्रं काढली आणि त्यावरून शोक करणाऱ्या माणसांचं एक छापचित्र करायला घेतलं. आधी एचिंग (धातूच्या पत्र्यावर अॅसिडने रेघा कोरून छापणं) केलं, नाही पटलं. मग लिथोग्राफ (न कोरता सपाट दगडावरून छापतात ते) केलं, तेही नाही. १९२० मध्ये अर्न्स्ट बार्लाख या जर्मन शिल्पकाराचे वुडकट पाहिले आणि मग लाकडात कोरून तिला हवं ते मिळालं. पण लक्षात घे की तेव्हा तिने पन्नाशी ओलांडली होती, एचिंग आणि लिथो तिच्या हातात मुरलेलं होतं, आणि चित्र तिन्ही वेळा तेच होतं. चित्राला जे हवं होतं ते शोधत ती लाकडापर्यंत गेली. तू (रागावू नकोस हं) नवीन सेट आला म्हणून जातेस, आणि त्या सेटमध्ये काय काढायचं ते मग शोधतेस.

दुसऱ्या टोकाला इटलीचा चित्रकार जॉर्जो मोरांडी. जुन्या पुस्तकांवरून स्वतःच एचिंग शिकला, पुढे १९३० पासून बोलोन्याच्या अकादमीत तेच शिकवलं, आणि आयुष्यभर त्याच बाटल्या तीच भांडी. उजेड-सावली सगळी आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीतून. करडा रंग गडद करायला अॅक्वाटिंट (रेघांऐवजी सलग करडी छटा आणायची पद्धत) होतं की हाताशी, पण तो रेघांवरच थांबला, जाळी दाट केली की सावली, विरळ केली की उजेड, बास.

आता गृहपाठ. सहा महिने एकच मटेरियल, तुझं लिनो धर. एक छोटा ठसा कोर, दहा बाय पंधरा सेंटीमीटर पुरे, आणि त्याच्याच वीस प्रती काढ पण एकही सारखी नको. एकीला शाई कमी, एकीला जास्त, एकदा शाई न लावताच परत छाप, एकदा अर्धाच भाग घास, एकदा छापलेल्या ओल्या कागदावर दुसऱ्या रंगात किंचित सरकवून परत, वेगवेगळे कागद. प्रत्येकाच्या पाठीमागे पेन्सिलने लिही काय केलं ते, नाहीतर आठ दिवसांनी काहीच आठवत नाही. मग सगळ्या भिंतीवर लाव आणि जाता-येता बघत राहा, दोन-तीन आठवड्यांत कळेल की नजर कुठल्या दोन-तीन प्रतींवर थांबते. बहुतेक वेळा त्या "नीट छापलेल्या" प्रती नसतात. पुढचा ठसा त्या दोन-तीन प्रतींसाठी कोर.

प्रश्न : लिनो छापल्यावर काळ्या भागात पांढरे पांढरे ठिपके येतात, मीठ सांडल्यासारखे. पाण्याची शाई वापरतो, कागद वॉटरकलरचा ३०० जीएसएमचा चांगला आहे, चमच्याने जीव तोडून घासतो तरी येतात. शाई वाढवली तर बारीक रेघा भरून जातात. काय चुकतंय?

कागद. चांगला आहे पण या कामाला चुकीचा आहे. वॉटरकलरच्या कागदाला दाणा असतो आणि एवढा जाड की चमच्याचा दाब पलीकडे पोचतच नाही, दाण्याच्या खड्ड्यांत शाई जात नाही, तेच तुमचे ठिपके. हाताने घासायचं असेल तर पातळ आणि लांब तंतूंचा कागद घ्या, कोझोपासून (एका प्रकारच्या तुतीच्या सालीपासून) केलेला जपानी कागद त्यासाठी उत्तम, पातळ असूनही फाटत नाही आणि घासता घासता पाठीमागून चित्र दिसायला लागतं त्यामुळे कुठे राहिलंय ते कळतं. तो नसेल तर गुळगुळीत साधा कार्ट्रिज पेपर ३०० पेक्षा नक्की बरा. जाड कागद वापरायचाच असेल तर किंचित दमट करून घ्या, अर्थात पाण्याच्या शाईबरोबर हे बेताने, नाहीतर शाई पसरते.

दुसरं म्हणजे पाण्याची शाई फार लवकर वाळते, तुम्ही एका कोपऱ्यात घासेपर्यंत दुसरा कोपरा सुकलेला. तेलाची शाई घ्या, हल्ली साबणाच्या पाण्याने धुता येणाऱ्या तेलाच्या शाया मिळतात, त्यात टर्पेंटाइनची कटकट नाही. वाळायला मात्र काही दिवस लागतात, घाईने एकावर एक ठेवल्या तर प्रती एकमेकींना चिकटून बसतील.

आणि रोलरचा आवाज ऐका. खरंच. काचेवर शाई पसरताना आधी चिकट पचपच आवाज येतो, तेव्हा ती जास्त असते. पातळ होत होत एकसारखी बारीक सुर्र येते, कोणी लांबून रेशमी कापड फाडतंय अशी, आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा न दिसता मखमलीसारखा दिसतो, तिथे थांबायचं. मग ठशावर अशी पातळ शाई चार-पाच वेळा वेगवेगळ्या दिशांनी फिरवायची, एकदाच जाड थापायची नाही, रेघा भरतात त्या याच्यामुळे. नव्या ठशाच्या पहिल्या दोन-तीन प्रती फिक्याच येतात, लिनो शाई पिऊन घेतो, त्यावरून निराश होऊ नका. हां, आणि कोरण्याआधी लिनोवर अगदी बारीक सँडपेपर हलक्या हाताने फिरवला तर शाई जास्त एकसारखी धरते.

अर्थात ठिपके आवडले तर ठेवा, पण ते तुम्ही आणलेले असले पाहिजेत, आपोआप आलेले नकोत.

प्रश्न : मला एचिंगची रेघ फार आवडते पण घरी लहान मूल आहे, अॅसिड आणायचा धीर होत नाही आणि प्रेसही नाही. काही मार्ग आहे का की नादच सोडू?

सोडू नका, पण अॅसिड आणायचं नाही हा तुमचा निर्णय अगदी योग्य आहे. नायट्रिक अॅसिडची वाफ विषारी असते, घरात त्याचं काहीच काम नाही. तांब्यासाठी फेरिक क्लोराइड वापरतात, ते त्या मानाने बरं असं म्हणतात आणि आहेही, पण तेही कातडी-डोळ्यांना घातक आहे, डाग जात नाहीत आणि वापरलेलं द्रावण तांबं विरघळलेलं असल्यामुळे मोरीत ओतून चालत नाही. अॅक्वाटिंटसाठी राळेची भुकटी उडवतात ती फुफ्फुसाला वाईट. हे सगळं एखाद्या सार्वजनिक स्टुडिओत, नीट हवा खेळती असेल तिथे आणि कोणी जाणतं शेजारी असताना करा.

घरासाठी ड्रायपॉइंट. अॅक्रेलिकची पारदर्शक शीट घ्या, खाली चित्र ठेवा आणि टोकदार सुईने सरळ ओरखडे काढा, अॅसिड वगैरे काही नाही. दुधा-ज्यूसची खोकी असतात ना आतून चंदेरी, ती उलगडून त्यावरही फार मजेदार येतं, कात्रीने हवा तो आकार कापता येतो, आणि वरचा चंदेरी थर कुठे कुठे सोलून काढला की तिथे शाई धरून गडद पट्टे येतात. सुईने ओरखडा काढला की रेघेच्या कडेला जी बारीक कुसळं उभी राहतात ती शाई धरून ठेवतात आणि रेघ मऊ, मखमली, जराशी पसरलेली येते. एचिंगची रेघ अशी नसते, ती तारेसारखी असते, हा फरक आधी मान्य करून टाका नाहीतर सारखं मनात राहील की हे खरं नाही. रेम्ब्रांटने १६५३ मध्ये "तीन क्रूस" असंच सुई आणि बुरिनने (धातू कोरायच्या टोकदार हत्याराने) थेट तांब्यावर केलं, आणि पुढे त्याच पत्र्यावर इतकं खरडलं की आधीच्या कितीतरी आकृत्या अंधारात गडप झाल्या. ही कुसळं दाबाने झिजतात, खोक्याच्या पत्र्यावर तर फारच लवकर, तेव्हा पन्नास प्रतींची स्वप्नं नकोत.

छापायचं असं की दाट शाई कार्डाच्या तुकड्याने रेघांत भरायची, मग जाळीच्या कापडाने आणि शेवटी कागदाच्या गोळ्याने किंवा तळहाताच्या कडेने वरची पुसायची. सगळी पुसू नका. पुसण्यातच अर्धं चित्र असतं, इथे थोडी राखली की संध्याकाळ, तिथे पुसली की खिडकी. कागद मात्र जाड, मऊ, सुती हवा, अर्धा तास भिजवून टिपून घेतलेला, पाणी चमकता कामा नये. आणि दाब? छोटं चित्र असेल तर पास्ता लाटायचं हाताने फिरवायचं मशीन चालतं, पत्रा, त्यावर ओला कागद, त्यावर फेल्टचा तुकडा असं सँडविच करून. पातळ खोक्याचा पत्रा यातून छान जातो, जाड अॅक्रेलिक जाणार नाही. ते मशीन मग परत स्वैपाकघरात न्यायचं नाही.

प्रश्न : माझी एकही प्रत दुसरीसारखी येत नाही. रंग बदलतो, कधी वर हाताने रंगवतो. मग खाली ३/२० (म्हणजे वीस प्रतींपैकी तिसरी) असं लिहिणं ही फसवणूक नाही का? सगळ्या एकसारख्या यायलाच हव्यात का?

३/२० लिहिलं की घेणारा समजतो की वीसही एकसारख्या आहेत, त्यामुळे तुमच्याबाबतीत हो, नुसतं ३/२० चूक आहे. त्याच्या आधी ई.व्ही. (एडिशन व्हेरिएबल) लिहा, ते बदलत्या प्रतींच्या एडिशनसाठी, म्हणजे एका ठशाच्या प्रतींच्या संचासाठी, वापरतात. ठसाच नसेल, काचेवर रंगवून एकदाच उचलला असेल तर तो मोनोटाइप, त्याला १/१. स्वतःसाठी राखलेल्या प्रतींवर ए.पी. (आर्टिस्ट्स प्रूफ), त्या साधारण एडिशनच्या दहा टक्क्यांपर्यंत ठेवायचा रिवाज आहे. सगळं पेन्सिलने, डावीकडे आकडा, मध्ये नाव, उजवीकडे सही.

बाकी एकसारख्या यायला हव्यात हे कोणी सांगितलं तुम्हाला? हा आकडे घालायचा प्रकारच मुळी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रुळला. हर्क्युलस सेगर्स नावाचा एक डच माणूस सतराव्या शतकाच्या सुरुवातीला एकच पत्रा कधी रंगीत शाईत, कधी रंगवलेल्या कागदावर, कधी चक्क कापडावर छापायचा आणि वर परत ब्रश फिरवायचा, त्याच्या प्रती एकमेकींच्या बहिणीही वाटत नाहीत. (त्याचा एक पत्रा पुढे रेम्ब्रांटकडे आला आणि त्याने त्यातल्या आकृत्या घासून त्या जागी स्वतःच्या घातल्या, तो वेगळाच किस्सा.) फ्रेंच चित्रकार देगास मोनोटाइपची पहिली प्रत काढून झाल्यावर पत्र्यावर उरलेल्या शाईची दुसरी फिकट प्रत काढायचा आणि तिच्यावर पेस्टलने काम करायचा.

पण एक तपासून बघा. तुमच्या प्रती बदलतात त्या तुम्ही बदलता म्हणून, की रोज शाई वेगळी मिसळली जाते आणि कागद वाकडा बसतो म्हणून? दुसरं असेल तर निदान एकदा पाच प्रती हुबेहूब काढून दाखवा, स्वतःलाच. शाई वजन करून मिसळा, कागद बसवायला पुठ्ठ्याच्या दोन खुणा चिकटवा, एक कोपऱ्यात काटकोनी आणि एक खालच्या कडेला, जपानी छापणारे ठशावरच कोरतात तशा. त्या पाच जमल्या की पुढच्या वीस हव्या तशा बदला, आणि ई.व्ही. लिहायला विसरू नका.